वाहनाच्या छपरावरचे वातानुकूलन यंत्र

घरातील वातानुकूलन यंत्राची निगा कशी राखावी, हे आज ठाण्यातील किंवा डोंबिवलीतील कोणाही गृहस्थाला थोडेबहुत ठाऊक असते; परंतु तेच यंत्र जेव्हा वाहनाच्या छपरावर चढते, रस्त्यावरचे हादरे सोसू लागते, आणि कधी जनित्राच्या, कधी इंजिनाच्या, तर कधी रेल्वेच्या विद्युत्प्रवाहावर चालू लागते, तेव्हा त्याची प्रकृती, त्याचे आजार आणि त्याचे उपचार ही सारीच निराळी होतात. पाश्चात्त्य देशांत सहलीसाठी राहत्या घरासारख्या सजविलेल्या मोटारी पुष्कळ असल्याने या यंत्रांचे शास्त्र तेथे चांगले रुळले आहे. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले ते २०२१ साली. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून घोडबंदर रस्त्यावरील चित्रीकरणाच्या बंगल्यांबाहेर व्हॅनिटी व्हॅन उभ्या राहत आल्या आहेत, आणि खऱ्या अर्थाने तेच आपल्या मुलखातील फिरते घर होय. त्या गाड्यांच्या जोडीला महापालिकांच्या वातानुकूलित बसगाड्या आणि कल्याणहून मुंबईला धावणाऱ्या वातानुकूलित लोकल गाड्या धरल्या, म्हणजे छपरावरच्या या यंत्रांचा एक मोठा परिवारच ठाणे जिल्ह्यात नांदतो आहे, असे दिसून येईल.

या परिवारासंबंधी जी एक गोष्ट प्रथम आणि आग्रहाने सांगितली पाहिजे ती ही की, यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, गारवा कमी पडला की ‘गॅस संपला’ असा निवाडा देऊन सिलिंडर उघडण्याची जी प्रथा आपल्याकडे बोकाळली आहे, तिने जितकी चांगली यंत्रे निकामी केली आहेत तितकी उन्हाने, पावसाने आणि खड्ड्यांनी मिळूनही केली नसतील. हे विधान कडक आहे याची मला जाणीव आहे. म्हणून त्याची कारणे सविस्तर मांडणे भाग आहे.

वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करीत नाही; ते आतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. आतल्या बाजूच्या कॉइलमध्ये प्रशीतक द्रव उकळतो आणि उकळताना लागणारी उष्णता खोलीतील हवेतून घेतो. संपीडक, म्हणजे कॉम्प्रेसर, त्या वाफेला दाबून तिचे तापमान बाहेरच्या हवेहूनही वर चढवितो. मग बाहेरच्या कॉइलमध्ये ती वाफ आपली उष्णता वाऱ्यावर सोडून पुन्हा द्रव होते आणि एका अरुंद नळीतून निथळत आत परतते. या चक्रात प्रशीतक खर्च होत नाही, जळत नाही, झिजत नाही. यंत्राची शक्ती टनांत मोजतात. त्याचा उगम बर्फात आहे: चोवीस तासांत एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषली जाते तेवढी शोषणारे यंत्र एक टनाचे, आजच्या हिशेबात ते सुमारे साडेतीन किलोवॉट किंवा ताशी १२,००० बीटीयू भरते. हा बर्फाचा हिशेब आपल्या रेल्वेने एके काळी प्रत्यक्ष करून पाहिला होता. १९३४ साली फ्रंटियर मेलला जो गार हवेचा डबा जोडण्यात आला त्यात यंत्र नव्हते. डब्याखालच्या पेट्यांत बर्फाच्या लाद्या भरून त्यांवरून पंख्याने हवा खेळविली जाई आणि वाटेतल्या ठरावीक स्थानकांवर बर्फ बदलला जाई. बर्फ संपतो, म्हणून तो पुन्हा भरावा लागे. सीलबंद यंत्रातील प्रशीतकाची गोष्ट तशी नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी भोक पडले आहे, आणि ते भोक न शोधता वरून भर घालणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतीत बसणे होय.

आपल्या हवेत या यंत्रावर दुसरेही एक ओझे असते, ते दमटपणाचे. मे महिन्याच्या अखेरीस कल्याणच्या खाडीकडून येणारी हवा इतकी सजल असते की, यंत्राच्या शक्तीचा मोठा हिस्सा हवा गार करण्यात न जाता तिच्यातील वाफेचे पाणी करण्यात जातो. एक टनाच्या यंत्राच्या शक्तीचा तीस टक्के भाग जरी या कामी लागला, तरी तासाला दीड लिटर पाणी गोळा होते. हे पाणी छपरावरून खाली जाण्याची वाट मोकळी नसेल तर ते गाडीच्या आतच उतरते, आणि मालक छप्पर गळते म्हणून तक्रार घेऊन भलत्याच कारागिराकडे जातो.

आता निरनिराळ्या कंपन्यांकडे वळू. सहलीच्या मोटारींच्या छपरावर बसणारी यंत्रे बाहेरच्या जगात मुख्यत्वे काही थोड्या घराण्यांचीच आढळतात. अमेरिकेत कोलमन-मॅक आणि डोमेटिक ही नावे सर्वतोमुखी आहेत. युरोपात डोमेटिकच्याच निराळ्या मालिका आणि जर्मनीची ट्रूमा. अमेरिकी यंत्रासाठी छपराला सव्वाचौदा इंचांचे चौकोनी भोक पाडतात, युरोपी यंत्रांपैकी पुष्कळांना चाळीस सेंटिमीटरचे लागते. म्हणजे एक काढून दुसरे बसवावयाचे तर आधी सुताराची पट्टी हाती घ्यावी लागते. कोलमनच्या जुन्या यंत्रांत छताखालच्या पेटीवर फिरवावयाचे साधे खटके असतात आणि त्यांतील बिघाड साध्या मापकाने सापडतो. डोमेटिकने बराच कारभार इलेक्ट्रॉनिक पाटीकडे सोपविलेला असल्यामुळे तेथे कधी कॉम्प्रेसर निर्दोष असूनही केवळ पाटीचा हुकूम न पोहोचल्याने तो गप्प बसलेला असतो. त्या यंत्रांच्या तापनियंत्रकावर उमटणारी अक्षरे व आकडे ही यंत्राची स्वतःची कैफियत होय, आणि ती न वाचता झाकण उघडणारा मिस्त्री निम्मे काम अंधारात करतो.

आपल्याकडील व्हॅनिटी व्हॅनमध्ये या परदेशी यंत्रांपेक्षा घरगुती स्प्लिट यंत्रेच गाडीला जोडून घेतलेली अधिक दिसतात. त्यामागे व्यवहार आहे: सुटे भाग वागळे इस्टेटीपासून उल्हासनगरपर्यंत कोठेही मिळतात, आणि काम जाणणारे हातही मिळतात. ठाण्याला या विद्येचा वारसा आहे. १९४३ साली सुरू झालेली ब्ल्यू स्टार आणि १९५४ साली स्थापन झालेली व्होल्टास, या दोन्ही कंपन्यांचे कारखाने पोखरण रस्त्याच्या परिसरात होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून प्रशीतन आणि वातानुकूलनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांना या पट्ट्यात कामाची वाण पडली नाही. मात्र भिंतीवर स्थिर राहण्यासाठी घडविलेले यंत्र धावत्या गाडीत बसविले म्हणजे त्याच्या तांब्याच्या नळ्या हादऱ्याने कडक होतात आणि जोडापाशी चिरतात. नळीला एक सैल वेटोळे देऊन, रबरी पट्ट्यांनी तिला जागोजाग आधार दिल्यास हा धोका बराच टळतो. जोडणारा कारागीर घाईत असला की नेमकी हीच गोष्ट राहून जाते.

घोडबंदर रस्त्याच्या बाजूला एका चित्रीकरणाच्या जागी छपरी यंत्राची दुरुस्ती पाहण्याचा योग मला आला. गाडी नवी नव्हती. यंत्र सुरू होई, दहाबारा मिनिटे बरे चाले, मग कॉम्प्रेसर थांबे, पुन्हा लागे, पुन्हा थांबे. चालक वैतागला होता. “मिस्त्री, मागच्या महिन्यात तर गॅस टाकला होता. परत गेला वाटतं.” मिस्त्री वयाने लहान होता. तो शांतपणे म्हणाला, “गॅस कुठं जातोय, काका? आधी जाळी तर उतरवू.” त्याने छताची जाळी उतरविली, गाळणी बाहेर काढली आणि विजेरीच्या उजेडात आतली पोकळी दाखविली. छपरी यंत्रात गार हवा बाहेर सोडण्याची वाट आणि खोलीतील हवा ओढून घेण्याची वाट अगदी शेजारी शेजारी असतात, मध्ये केवळ एक पातळ पडदा असतो, आणि त्या पडद्याच्या कडा चिकटपट्टीने बंद केलेल्या असतात. ती पट्टी उन्हाने सुटली होती. यंत्राने नुकतीच सोडलेली गार हवा खोलीत न उतरता त्या फटीतून परत आत ओढली जात होती. कॉइलला उष्ण हवा मिळेना, तिच्यावर हिम धरू लागले, आणि हिमरोधक संवेदक आपले कर्तव्य बजावून कॉम्प्रेसर बंद करीत होता. मिस्त्रीने हिम वितळू दिले, कडा स्पिरिटने पुसल्या, ॲल्युमिनियमची नवी पट्टी बोटाने दाबत दाबत बसविली, गाळणी धुऊन सुकवली. मग वीस मिनिटे यंत्र अखंड चालवून त्याने दोन तापमापके धरली: आत जाणारी हवा २९ अंश, बाहेर येणारी १८. गॅसच्या सिलिंडरला त्याने हातही लावला नव्हता.

हा अकरा अंशांचा फरक फार मोलाचा दाखला होय. आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेत आठ ते अकरा अंश सेल्सियसचा फरक मिळत असेल, तर यंत्रातील प्रशीतक आपले काम करीत आहे असे समजावे. हवा अतिशय दमट असताना फरक थोडा कमी भरतो, त्याची सूट द्यावी. फरक योग्य असूनही गाडी गार होत नसेल तर दोष यंत्राचा नाही. गाडीचा पत्रा उन्हात तापलेला असतो, खिडक्यांना पडदे नसतात, दार दर पाच मिनिटांनी उघडत असते. तेथे गॅस भरून काय होणार? तपासाचा क्रम हवा, मग वीज, आणि सर्वांत शेवटी प्रशीतक, असाच असला पाहिजे, कारण बिघाडांचे प्रमाणही साधारण त्याच क्रमाने उतरत जाते आणि दुरुस्तीचा खर्च त्याच क्रमाने चढत जातो.

विजेचा प्रश्न फिरत्या गाडीत विशेष बिकट असतो. घराला महावितरणचा प्रवाह मिळतो. व्हॅनला मिळतो तो बहुधा जनित्राचा, आणि कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी चालू प्रवाहाच्या चार ते सहा पट वीज मागतो. जनित्र त्या क्षणी दबले की दाब कोसळतो, कॉम्प्रेसर गुरगुरतो आणि फिरत नाही, आणि संरक्षक खटका त्याला बंद करतो. अशा वेळी ‘कॉम्प्रेसर जाम झाला’ असा निष्कर्ष काढून नवे यंत्र घ्यायला लावण्याआधी कपॅसिटर तपासावा; त्यावर छापलेल्या मूल्यापेक्षा तो दहा टक्क्यांनी जरी उतरला असेल तरी बदलावा, आणि त्याला हात लावण्यापूर्वी त्यातील साठलेली वीज रोधकातून उतरवून घ्यावी, कारण प्रवाह तोडल्यानंतरही तो जबर धक्का देऊ शकतो. अमेरिकेहून हौसेने आणलेल्या यंत्रांची तर आणखीच एक अडचण असते. ती ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी घडविलेली. रोहित्र लावून व्होल्ट उतरविता येतात, परंतु आपल्या प्रवाहाचे ५० हर्ट्झ त्याने बदलत नाहीत. मोटर एक षष्ठांशाने मंद फिरते, तिच्या लोखंडात चुंबकत्वाचा भार वाढतो आणि वेटोळी तापत राहतात. काही महिन्यांनी ती जळतात तेव्हा दोष कंपनीवर ठेवला जातो, तो अन्याय होय. युरोपी किंवा ऑस्ट्रेलियन बाजारासाठी केलेली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची यंत्रे घेतली असता हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही.

प्रशीतक खरोखर गळाले असेल तर काय करावे? सहलीच्या मोटारींच्या बहुतेक छपरी यंत्रांना गॅस भरण्याची झडपच नसते. कारखान्यात भरून नळीचे तोंड चेपून झाळलेले असते. म्हणून आपल्याकडे नळीला टोचून बसवावयाची झडप वापरतात, आणि ती झडपच पुढे गळतीचे कायमचे ठिकाण बनते. योग्य मार्ग लांबचा आहे: उरलेला वायू यंत्राने काढून सिलिंडरात घ्यावा, नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने भोक हुडकावे, जोड झाळताना नळीतून संथपणे नायट्रोजन सोडीत राहावा म्हणजे आत काजळी धरत नाही, मग निर्वात पंप पुरेसा वेळ चालवून ओलावा उपसावा, आणि शेवटी यंत्रावरील पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच वायू काट्यावर तोलून भरावा. दाबाच्या काट्याकडे पाहून अंदाजाने भरणे हे आर-२२ या प्रशीतकाच्या काळात कसेबसे खपून जाई. आर-४१०ए चा दाब त्याहून सुमारे साठ टक्क्यांनी अधिक असतो, आणि आर-४०७सी हे तर असे मिश्रण आहे की, गळताना त्यातील घटक सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाहीत. उरलेल्यावर भर घातली तर मूळ मिश्रण उरतच नाही, म्हणून सगळे काढून नव्याने भरावे लागते. आर-२२ हवेत सोडून देणे ओझोनच्या थराला घातक आहे. १९८७ च्या माँट्रियल करारात भारत १९९२ साली सामील झाला, आणि त्या वर्गातील प्रशीतकांच्या निरोपासाठी २०३० ची मुदत ठरली आहे. तरीही गल्लीच्या तोंडाशी नळी सैल करून फुस्स आवाज काढणारे मिस्त्री आजही दिसतात, याचे मनापासून दुःख होते.

गळतीच्या कारणांत आपल्या भागाची हवाही मोजली पाहिजे. ठाण्याची खाडी, घोडबंदरला लागून गेलेली वसईची खाडी, कल्याणची खाडी, यांवरून येणारा खारा वारा तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमची पाती यांच्या सांध्यात बसतो आणि दोन धातूंमध्ये सूक्ष्म विद्युत्क्रिया सुरू करून पाती पांढऱ्या भुकटीसारखी करून टाकतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांना रासायनिक कारखान्यांच्या वाफांचा भार पडतो. २०२० च्या फेब्रुवारीत तेथील एक रस्ताच गुलाबी झाला होता. जी रसायने रस्ता रंगवितात ती तांब्यालाही सोडत नाहीत, हे वेगळे सांगावयास नको. वालधुनीसारख्या सांडपाण्याने भरलेल्या नदीच्या काठी गंधकयुक्त वायूंनी तांबे काळे पडते. अशा ठिकाणी बाहेरची कॉइल महिन्यातून एकदा साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावी. गाडी धुण्याचा जोरदार फवारा तिच्यावर कदापि सोडू नये, कारण त्याने पाती आडवी पडून वाऱ्याची वाटच बंद होते. पडलेली पाती उभी करण्यासाठी दातेरी फणी मिळते.

एका बाबतीत मात्र मिस्त्रीची गॅसची शंका रास्त ठरू शकते, ती म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या बसगाडीची. तेथे कॉम्प्रेसर सीलबंद नसतो. इंजिनाच्या पट्ट्याने तो फिरतो, त्याचा दांडा कवचातून बाहेर येतो, आणि त्या दांड्याच्या सीलमधून आणि लांब रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडा आर-१३४ए झिरपतोच. त्या यंत्रांना झडपाही दिलेल्या असतात. तरीसुद्धा आधी पट्ट्याचा ताण, मग चुंबकी क्लच आणि नंतरच दाब, हा जाबता बसआगारातही पाळला गेला पाहिजे. विजेवरच्या नव्या बसगाड्यांत कॉम्प्रेसर पुन्हा सीलबंद झाला आहे, तेव्हा ही सवलत त्यांना लागू नाही.

लोकल गाड्यांचा इतिहास छपराच्या दृष्टीने मोठा बोधक आहे. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बांधलेली पहिली वातानुकूलित लोकल २०१६ साली प्रथम कुर्ल्याच्या कारशेडमध्येच आली होती. पण मुंबईकडील जुन्या पुलांच्या मानाने तिची उंची अधिक भरली आणि अखेर ती पश्चिम रेल्वेला देण्यात आली, तेथे २५ डिसेंबर २०१७ रोजी ती धावू लागली. ठाण्याच्या प्रवाशांना ती सोय ट्रान्स-हार्बर मार्गावर जानेवारी २०२० मध्ये आणि कल्याणच्या प्रवाशांना मुख्य मार्गावर त्याच वर्षीच्या डिसेंबरात मिळाली, तीही उंची कमी केलेल्या नव्या गाड्यांनी. या डब्यांवरचे यंत्र एकसंध पेटीसारखे असते. बिघडले तर ती पेटीच उचलून दुसरी बसवितात आणि जुनीची शुश्रूषा कार्यशाळेत निवांतपणे होते. छपरावर उन्हात उभे राहून घाईने केलेल्या झाळकामापेक्षा ही पद्धत कितीतरी श्रेष्ठ आहे, आणि व्हॅनच्या मालकांनाही ती परवडण्याजोगी आहे, कारण सहलीच्या मोटारींचे छपरी यंत्र चार बोल्ट काढले की अखंड सुटते.

ते चार बोल्ट पुन्हा आवळताना मात्र हात आखडता ठेवावा. यंत्र आणि छप्पर यांच्यामधील स्पंजासारखी गॅस्केट मूळ जाडीच्या सुमारे निम्म्यापर्यंत दबली पाहिजे. कमी दबली तर पाऊस आत येतो, आणि अधिक दबली तर बूड वाकते व ती पुढच्या मोसमात उठतच नाही. चारही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत, आणि गॅस्केटभोवती सिलिकॉन थापू नये, कारण आतले पाणी बाहेर जाण्याचा मार्गही पुष्कळदा तेथूनच असतो. हे काम मृगाच्या आधी उरकावे आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा एकदा पाहावे. प्रत्येक तपासणीस गाडीच्या वहीत चार आकडे नोंदवावेत: आत जाणाऱ्या हवेचे तापमान, बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान, यंत्र चालू असतानाचे व्होल्ट आणि त्याच वेळचे अँपिअर. व्होल्ट तेच असून अँपिअर वाढत चालले तर बाहेरची कॉइल मळली आहे. अँपिअर घटले आणि तापमानातील फरकही घटला, तर आणि तरच गळतीचा शोध घ्यावा. ज्या यंत्राला झडपच नाही त्याच्या वहीत दाबाचा रकाना आखण्याचे कारण नाही.